मायनर लीग बेसबॉल संघाचे स्थलांतर : पॉटकेट रेड सॉक्सचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये मेजर लीगच्या खाली मायनर लीगची उतरंड असून तेथे उदयोन्मुख खेळाडू घडविले जातात. या संघांची मालकी बहुधा खासगी मालकांकडे असते. खेळाडू व प्रशिक्षक मात्र मेजर लीगमधील पालक संघ नेमतो आणि त्यांचे वेतनही तोच देतो. साहजिकच मालकाचे उत्पन्न तिकिटे, खाद्यपदार्थांची विक्री व जाहिराती यांवर, म्हणजेच मैदानावर अवलंबून राहते. मैदान बहुतेकदा शासकीय निधीतून उभे राहत असल्याने संघाचे स्थलांतर हा सार्वजनिक वित्ताचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात पॉटकेट रेड सॉक्स या संघाच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

पॉटकेटमधील वाटचाल

ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट हे जुने वस्त्रोद्योगाचे शहर होय. तेथील मॅकॉय स्टेडियम १९४२ मध्ये खुले झाले. बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगमधील सर्वोच्च श्रेणीचा संघ १९७३ मध्ये लुईव्हिल येथून पॉटकेटला आला. म्हणजेच हा संघ मुळात स्थलांतरितच होता. दिवाळखोरीत निघालेला हा संघ १९७७ मध्ये निवृत्त वस्त्रोद्योजक बेन मोंडॉर यांनी घेतला. माफक तिकीटदर व कौटुंबिक वातावरण यांमुळे संघाने जम बसविला. २००५ च्या हंगामात प्रेक्षकसंख्या ६ लाख ८८ हजारांवर पोहोचली. रोचेस्टरविरुद्धचा ३३ डावांचा सामना याच मैदानावर झाला. १८ एप्रिल १९८१ रोजी सुरू झालेला हा सामना पहाटे थांबविण्यात आला, तेव्हा अवघे १९ प्रेक्षक उरले होते. २३ जून रोजी पॉटकेटने तो ३-२ असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वांत दीर्घ सामना होय.

स्थलांतराची कारणे

मोंडॉर यांचे २०१० मध्ये निधन झाले. २०१५ मध्ये लॅरी लुकिनो व जेम्स स्केफिंग्टन यांच्या गटाने संघ विकत घेतला. प्रॉव्हिडन्स येथे नवे मैदान बांधण्याची त्यांची योजना फसली. त्यानंतर पॉटकेटमध्येच ८.३ कोटी डॉलर खर्चाच्या मैदानाचा प्रस्ताव पुढे आला. त्यात संघाने ४.५ कोटी, राज्याने २.३ कोटी व शहराने १.५ कोटी डॉलर उभारावयाचे होते. तथापि राज्याचा पूर्वानुभव कटू होता. ३८ स्टुडिओज या व्हिडिओ गेम कंपनीला २०१० मध्ये ७.५ कोटी डॉलरचे शासकीय हमीचे कर्ज मिळाले. २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि भार करदात्यांवर पडला. परिणामी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने प्रस्तावातील कर्जरोख्यांमागची राज्याची हमी काढून टाकली. हमी नसली की व्याजाचा दर चढतो. सुधारित कायदा जून २०१८ मध्ये संमत झाला; १७ ऑगस्ट २०१८ रोजी संघाने मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे जाण्याचे जाहीर केले.

परिणाम

२०२० चा हंगाम कोविडमुळे रद्द झाल्याने पॉटकेटच्या रसिकांना निरोपाचा सामनाही लाभला नाही. वूस्टरमधील पोलर पार्क मे २०२१ मध्ये खुले झाले. तेथील खर्च मूळ अंदाजापेक्षा बराच वाढून सुमारे १६ कोटी डॉलरवर गेला. कर्जफेडीसाठी शहराची भिस्त मैदानाभोवतीच्या नव्या बांधकामांपासून मिळणाऱ्या करावर आहे. पॉटकेटमध्ये २०२५ मध्ये मॅकॉय स्टेडियम पाडण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी शहरात सार्वजनिक कर्जरोख्यांच्या साहाय्याने बांधलेले फुटबॉलचे नवे मैदान सुरू झाले.

निष्कर्ष

१) खेळाडू पालक संघाचे असल्याने मायनर लीगच्या मालकापाशी सौदाशक्ती म्हणून उरते ती केवळ स्थान बदलण्याची शक्यता.

२) ऱ्होड आयलंडचा नकार अविचारी नव्हता; तो आधीच्या फसलेल्या हमीतून आला होता. तरीही पुढे दुसऱ्या खेळासाठी सार्वजनिक पैसा वापरला गेलाच.

३) मोंडॉर यांच्या काळात संघ व शहर यांचे नाते दृढ झाले, परंतु त्यास कायदेशीर आधार नव्हता. मालकी बदलताच ते सैल झाले. शासकीय निधी देताना संघाच्या वास्तव्याची दीर्घकालीन बांधिलकी करारात नोंदविणे म्हणूनच अगत्याचे ठरते.