कागदावरचा त्रिकोण

वहीत तीन कार्बन अणूंचा त्रिकोण काढा. त्याची एक बाजू तिहेरी रेषेने दाखवा, उरलेल्या दोन एकेरी ठेवा आणि समोरच्या कार्बनास दोन हायड्रोजन जोडा. प्रत्येक कार्बनाचे चार बंध बरोबर भरतात. संयुजेच्या नियमात कोठेही उणे नाही. या रेणूस सायक्लोप्रोपाइन असे नावही आहे. मात्र तो आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. आम्ही भाषेचे अध्यापक. वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थहीन असू शकते, हे आम्हांस नित्याचे. रेणूंचेही तसेच दिसते.

कारण कोनांत आहे. एकेरी बंधांचा कार्बन आपले चार हात सुमारे १०९.५ अंशांवर पसरतो. तिहेरी बंधाच्या कार्बनास तर सरळ रेषा, म्हणजे १८० अंश हवे असतात. आणि त्रिकोणात मिळतात ६० च्या आसपास! बांबूची ओली कामटी वाकवून टोपलीचा काठ होतो. तीच अंगठीएवढ्या वळणात बसवू गेल्यास तडकते. वलयांतील हा ताण जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८५ साली मांडला. मोठी वलयेही सपाट असतात ही त्यांची समजूत पुढे खोटी ठरली. लहान वलयांविषयीचे म्हणणे टिकले.

तीन कार्बनांचे वलयच अशक्य, असे मात्र नव्हे. सायक्लोप्रोपेन वायू एके काळी शस्त्रक्रियेत भूल देण्यास वापरीत. स्फोटक म्हणून तो मागे पडला. तिहेरी बंध सामावून बाटलीत टिकणारे सर्वांत लहान साधे वलय आठ कार्बनांचे, सायक्लोऑक्टाइन. त्यातही ताण उरतोच, आणि त्यामुळे ते अझाइड गटाशी तत्परतेने जोडले जाते. याच गुणाच्या बळावर कॅरोलिन बर्टोझी यांनी जिवंत पेशींवरील शर्करांना खुणा लावल्या. २०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या त्या एक मानकरी.

आता पुन्हा आपल्या त्रिकोणाकडे वळू. दोनपैकी एक हायड्रोजन उचलून शेजारच्या कार्बनावर ठेवा आणि हायड्रोजन असलेल्या दोन कार्बनांत दुहेरी बंध द्या. तिसऱ्या कार्बनास दोनच बंध उरतात. कोणाही परीक्षकाने लाल फुली मारावी अशी ही आकृती. परंतु येथे तिहेरी बंध वाकविण्याचा हट्ट नाही, आणि दुहेरी बंधातील दोन इलेक्ट्रॉन तिन्ही कार्बनांत वाटले जाऊन वलयास आधार देतात. हा रेणू १९८५ साली ताऱ्यांमधील वायुमेघांत ओळखला गेला, आणि २०२० साली शनीच्या टायटन या उपग्रहाच्या वातावरणातही तो सापडला.