विकाऊ घराची वार्ता

मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरात राहते घर विकायला निघाले की मालक, त्याचे नातेवाईक आणि शेजारी सारेच आधी किमतीची चर्चा करतात. परंतु हाती प्रत्यक्ष किती रक्कम पडेल, हे बऱ्याच अंशी घर विकाऊ असल्याची वार्ता कोणापर्यंत आणि कोणत्या रूपात पोहोचली यावर अवलंबून असते. या पोहोचीला इस्टेट व्यवसायात ‘एक्स्पोजर’ म्हणतात आणि ती वाढवायची म्हणजे मिळेल तिथे जाहिरात टाकायची, असा सर्वसाधारण समज आहे. कोल्हापूर-सांगलीसारख्या प्रादेशिक बाजारपेठेत तो समज बराचसा चुकीचा ठरतो, कारण इथे वार्ता कमी पसरल्याने होते तेवढेच नुकसान ती वेडीवाकडी पसरल्यानेही होते.

या बाजारपेठेचे मुख्य लक्षण तिच्या विरळपणात आहे. मुंबईच्या एखाद्या उपनगरात एकाच संकुलातील एकसारखे अनेक फ्लॅट एका वेळी विक्रीला असतात, त्यामुळे चौरस फुटाचा दर उघड असतो आणि घर कोणते याला दुय्यम महत्त्व उरते. कोल्हापुरात ताराबाई पार्कातील जुना बंगला, शिवाजी पेठेतील भिंतीला भिंत लागून असलेले घर आणि कळंब्याकडच्या नव्या इमारतीतील दोन खोल्यांचा फ्लॅट या तीन निराळ्या वस्तू असून प्रत्येकीचे गिऱ्हाईक निराळे असते. जिथे व्यवहार थोडे होतात आणि प्रत्येक वस्तू दुसरीहून वेगळी असते, अशा बाजाराला अर्थशास्त्रात पातळ बाजार म्हणतात. त्यात एका घराला एका वेळी खरोखर घेऊ शकतील अशी माणसे मोजकीच असतात आणि त्यांतील एकही नजरेतून सुटू नये, एवढेच विक्रेत्याला साधायचे असते.

ही मोजकी माणसे एका ठिकाणी सापडत नाहीत. शहरातच राहणारे आणि लहान घरातून मोठ्यात जाऊ पाहणारे कुटुंब ओळखीच्या एजंटाकडे जाते. शिरोळ, कागल किंवा हातकणंगले तालुक्यातील बागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर पाहतो तेव्हा तो पाहुण्यारावळ्यांना विचारतो आणि स्थानिक दैनिक वाचतो. मुंबई-पुण्यात नोकरी करून निवृत्तीनंतर गावाकडे परतू इच्छिणारा आधी मोबाइलवरचे पोर्टल उघडतो. आणि परदेशी असलेला मुलगा आईवडिलांसाठी घर घेताना छायाचित्रांवरून निवड करून मगच कोणाला तरी पाहायला पाठवतो. बागायतदार खरेदीदाराचे वेळापत्रकही स्वतंत्र असते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस गाळपाला आल्यापासून चौदा दिवसांत त्याची रास्त व किफायतशीर किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ही मुदत नेहमीच पाळली जाते असे नाही, तरी हिवाळ्यात गाळप सुरू होऊन बिले जमा होऊ लागली की या पट्ट्यातील घरांची चौकशी वाढते, हे जाणकार एजंट गृहीत धरून चालतात. पितृपक्षात बोलणी थंडावतात, दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास इसार दिले जातात, तर शाळा उघडण्यापूर्वी राहायला जायचे असलेली कुटुंबे उन्हाळ्यात घाई करतात. तेव्हा भाद्रपदाच्या उत्तरार्धात मोठी जाहिरात देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

वार्ता बिघडते ती मुख्यतः मध्यस्थांच्या टप्प्यावर. अमेरिकेत मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस या नावाच्या प्रादेशिक सामायिक नोंदवह्या आहेत. एका एजंटाने त्यांत घर नोंदवले की त्या भागातील इतर सदस्य एजंटांना ते त्याच तपशिलासह आणि त्याच किमतीत दिसते. तिथेही दलालीच्या वाटणीवरून खटले झाले आणि ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटाला किती मोबदला मिळेल हे या नोंदवहीत दाखवणे बंद झाले, पण घराची माहिती एकाच जागी आणि एकाच रूपात राहण्याची मूळ सोय कायम आहे. अशी सर्वमान्य व्यवस्था भारतात रुजलेली नाही. त्यामुळे मालक चार एजंटांना तोंडी सांगून मोकळा होतो आणि त्यातही “माझ्या हातात सत्तर लाख पडू देत, वरचे तुमचे” असा सौदा करतो. या एका वाक्याने घराची किंमत मालकाच्या ताब्यातून जाते. पहिला एजंट पंचाहत्तर सांगतो, दुसरा ऐंशी, तिसरा गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून बहात्तरवर येतो; पोर्टलवर त्याच घराच्या तीन जाहिराती तीन क्षेत्रफळांसह झळकतात आणि खरेदीदार, जो साहजिकच एकाहून अधिक एजंटांकडे गेलेला असतो, सर्वांत कमी आकडा हाच खरा मानून तिथून खाली बोलणी सुरू करतो. शिवाय इतक्या जणांच्या तोंडी असलेल्या घरात काहीतरी अडचण असावी, अशी शंका त्याच्या मनात येते. लहान शहरात ती शंका लवकर पसरते.

यावरचा उपाय मालकांना सहसा रुचत नाही, तरीही तोच योग्य वाटतो: एकाच एजंटाला ठरावीक मुदतीसाठी, साधारण तीन महिने, लेखी काम द्यावे, दलालीची टक्केवारी आणि सांगायची किंमत कागदावर ठरवावी आणि त्याने इतर एजंटांची गिऱ्हाइके आणली तर दलाली निम्मी-निम्मी वाटून घ्यावी, अशी अट त्यातच घालावी. एजंट निवडताना त्याची महारेराकडील, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील, नोंदणी पाहावी. या प्राधिकरणाने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. नोंदणी म्हणजे सचोटीची हमी नव्हे, पण तक्रार कोणाकडे करायची एवढे तरी त्यातून ठरते.

जाहिरातीचा मजकूर हा दुसरा दुर्लक्षित भाग होय. “विकणे आहे. मोक्याच्या ठिकाणी प्रशस्त बंगला. त्वरित संपर्क” एवढ्या ओळीत खरेदीदाराला निर्णयाला उपयोगी पडेल असा एकही शब्द नाही. त्याऐवजी “राजारामपुरी, प्लॉट तीन गुंठे, बांधकाम १९९४, तळमजला व पहिला मजला, उत्तराभिमुख, मालमत्ता पत्रकावर विक्रेत्यांचीच नावे, कर्जबोजा नाही, पुराचे पाणी आलेले नाही, किंमत अमुक” असा मजकूर दिला तर फोन कमी येतात, पण आलेल्या फोनमागे खरी गरज असते. मालमत्ता पत्रक म्हणजे नगर भूमापन हद्दीतील जमिनीचा मालकीचा उतारा, जसा शेतजमिनीचा सातबारा असतो. ते आणि नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा सांगणारी सूची क्रमांक दोन विक्रेत्याने आधीच काढून ठेवली तर बँकेचे कर्ज घेणाऱ्या खरेदीदाराचा बराच वेळ वाचतो. फ्लॅट असेल तर चटई क्षेत्र सांगावे, सुपर बिल्ट-अप नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात आतील विभाजक भिंती धरल्या जातात, मात्र बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. जुन्या खरेदीखतात बहुधा बिल्ट-अपचाच आकडा असतो, त्यामुळे एकदा टेपने मोजून घेणे बरे.

पुराचा उल्लेख या पट्ट्यात ऐच्छिक राहिलेला नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीत घर पाहायला आलेला माणूस पाण्याची खूण कुठवर होती हे विचारतोच, आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या अनेकांना पाठ असते. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवणारी ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा; घर यांच्या आत आहे की बाहेर, हे जाहिरातीतच सांगितल्याने काही गिऱ्हाइके गळतील, पण ती एरवीही दुसऱ्या भेटीनंतर गळालीच असती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या चौकशीने कळणार नाहीत असे महत्त्वाचे दोष विक्रेत्याने उघड करणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्यही आहे.

पोर्टलांचा वापर करताना त्यांची रचना समजून घ्यावी लागते. मॅजिकब्रिक्स किंवा नाइन्टीनाइन एकर्ससारख्या ठिकाणी खरेदीदार किमतीची मर्यादा घालून शोध घेतो. पंचाहत्तर लाखांची मर्यादा घालणाऱ्याला शहात्तर लाखांचे घर दिसतच नाही, म्हणून एका लाखाच्या हव्यासापायी गिऱ्हाइकांचा एक अख्खा गट हातचा जातो. पहिल्या काही आठवड्यांत चौकशी सर्वाधिक असते आणि पुढे तीच जाहिरात शिळी होत जाते. म्हणून अव्वाच्या सव्वा किंमत सांगून हळूहळू उतरवत नेण्यात घराचा सर्वांत मोलाचा काळ वाया जातो. छायाचित्रांबाबत एवढेच पुरे की ती सकाळच्या उजेडात, फोन आडवा धरून, ओट्यावरची भांडी आणि दोरीवरचे कपडे हलवून काढावीत. खोल्यांइतकीच समोरच्या रस्त्याची रुंदी, पार्किंग आणि पाण्याची टाकी दाखवावी, कारण बाहेरगावच्या खरेदीदाराला नेमके तेच पाहायचे असते.

स्थानिक दैनिकातील छोट्या जाहिरातींचा काळ संपला, असे पुण्यात बसून म्हणता येते. पण कोल्हापुरात ‘पुढारी’च्या, बेळगाव सीमाभागात ‘तरुण भारत’च्या किंवा नाशकात ‘देशदूत’च्या त्या रकान्यांचा वाचक पोर्टलवरच्या वाचकाहून वेगळा आहे आणि घराच्या पैशांचा अंतिम निर्णय ज्या ज्येष्ठाच्या हाती असतो, तो बहुधा याच वाचकांत असतो. फाटकावर ‘विकणे आहे’ची पाटी लावावी की नाही, यावर मात्र मतभेद आहेत. रिकाम्या घराला ती उपकारक ठरते. राहत्या घराला मात्र वेळीअवेळी येणाऱ्या रिकामटेकड्यांचा ताप होतो.

ज्या घरांचे वारस परदेशी स्थायिक झाले आहेत, त्यांच्या बाबतीत वार्ता पोहोचूनही व्यवहार अडतो तो अधिकाराच्या प्रश्नावर. घर दाखवणारा मामा किंवा चुलतभाऊ इसार घेऊ शकतो का, असे खरेदीदाराने विचारले की उत्तर नसते. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीकडून किंवा नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे लागते आणि ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही तयारी जाहिरातीच्या आधीच झालेली असावी.

इसार होऊन साठेखताची तारीख ठरली की सर्व पोर्टलांवरील जाहिराती काढून एजंटांना तसे कळवावे, नाहीतर मागाहून आलेला चढा आकडा ऐकून घरातच वाद उभे राहतात. यानंतर त्या घराविषयी वर्तमानपत्रात जो मजकूर येतो तो खरेदीदाराच्या वकिलाने दिलेली जाहीर नोटीस असते; त्या मिळकतीत कोणाचा हक्क, बोजा वा हितसंबंध असल्यास ठरावीक दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, असे तीत म्हटलेले असते. वडिलोपार्जित घरात २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि नोटिशीला येणारी हरकत बहुतेक वेळा परक्याची नसून एखाद्या बहिणीची, पुतण्याची किंवा भाऊबंदाची असते, ज्याला घर विकले जात असल्याचे त्या नोटिशीतूनच प्रथम समजलेले असते.