पोह्यांचा डबा, मोबाइल आणि आतली भिंत

व्हिडिओ बघून आसनं करणाऱ्यांची आधी मान दुखते. मोबाइल जमिनीवर, आपण मार्जारासनात ओणवे, आणि बाई पुढे काय करताहेत ते बघायला मान तिरकी. म्हणून मी व्हिडिओ आधी चहा घेत नुसता बघते. करताना फक्त ऐकते. मोबाइल ओट्यावरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्याला टेकवलेला असतो. आवाज पुढच्या खोलीपर्यंत येतो, तेवढा पुरतो.

अलोऱ्यात पावसाळ्यात घर हाच आखाडा. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं आमचं गाव, पाऊस एकदा लागला की सकाळचं फिरणं बंद आणि गुडघे धरायला सुरुवात. यजमान कोयना प्रकल्पात होते, त्यामुळे सगळा संसार इथेच झाला. योगवर्गासाठी रोज चिपळूण गाठायचं म्हणजे एसटीच्या वेळा, ओल्या छत्र्या, आणि घरी येईपर्यंत जेवणाची वेळ. त्यापेक्षा सतरंजी अंथरलेली बरी.

पण व्हिडिओतल्या बाईंना आपण दिसत नाही, ही खरी अडचण. खांदा वर चढलाय, गुडघा आत वळलाय, हे सांगणारं कुणी नसतं. ते काम मी भिंतीवर सोपवलं. तेही आतल्या भिंतीवर, कारण बाहेरची जुलैत पाझरते. ही काही माझी अक्कल नव्हे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी ते स्वतःच आजारांनी खंगलेले होते. पुढे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड यांच्या आधाराने त्यांनी ताठरलेल्या, दुखऱ्या माणसांनाही आसनं करायला लावली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पुण्याच्या संस्थेत आजही या साधनांना मान आहे. आपल्या घरात पट्ट्याच्या जागी जुनी ओढणी चालते, आणि लोडाच्या जागी गोधडीची गुंडाळी.

भिंत काय शिकवते ते ताडासनात कळतं. टाचा भिंतीपासून दोन बोटं पुढे, पाठ आणि खांदे भिंतीला. आता हात वर न्या. कंबरेत पोकळी वाढली, बरगड्या पुढे आल्या, की समजायचं, हात खांद्यातून न जाता कंबर मोडून वर गेलेत. तेवढे खाली घ्या. उंची कमी दिसेल, दिसू दे.

शेजारच्या वहिनी एकदा डोकावल्या. "अहो काकू, नुसत्या उभ्या राहून कसला योग होतो?"

म्हटलं, "या, तुम्हीही राहा उभ्या." थोड्याच वेळात त्यांच्या पोटऱ्या बोलायला लागल्या!

व्हिडिओ निवडताना मी सांगणाऱ्याची घाई बघते. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा हे सांगतात का? हे आसन कुणी टाळावं ते सांगतात का? सांताक्रूझच्या १९१८ पासूनच्या 'द योग इन्स्टिट्यूट'चे व्हिडिओ घरगुती माणसाला झेपतील अशा बोलीत असतात. २१ जूनच्या योग दिनासाठी आयुष मंत्रालयाने आखलेला ४५ मिनिटांचा क्रमही बरा. प्रार्थनेनंतर तो मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करण्यापासून सुरू होतो. नवख्याने त्यातला पहिला भागच काही आठवडे केला तरी चालेल. आणि १९३८ साली चित्रित झालेला कृष्णमाचार्य आणि त्यांचे तरुण शिष्य अय्यंगार यांचा मूकपट जरूर बघावा, पण खुर्चीत बसून. ती लवचीकता बघून आपण सतरंजीवर उतरलो तर अस्थितज्ज्ञाकडेच जाऊ.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीनेक तास जाऊ द्यावेत. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून धरायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कंबरेतून पुढे वाकण्याआधी डॉक्टरांना विचारावं. स्नायू ताणला जातो ते सुसह्य असतं. सांध्यात सुई टोचल्यासारखं झालं, मुंग्या आल्या, की तिथेच थांबायचं, व्हिडिओतल्या बाई काहीही म्हणोत. वज्रासनात गुडघे कुरकुरत असतील तर मांडी आणि पोटरीमध्ये चादरीची घडी घालावी, नाहीतर सरळ खुर्चीत बसावं.

शेवटी पाय भिंतीवर. भिंतीला कुशी लावून बसायचं, मग पाठीवर वळत दोन्ही पाय वर सोडायचे, कमरेखाली गोधडीची घडी. दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला याचं सुख वेगळं सांगायला नको. उतरताना मात्र झटकन उठायचं नाही. गुडघे छातीशी, मग कुशीवर, मग हाताचा आधार.

त्यानंतर शवासन, आणि त्यासाठी व्हिडिओ आधीच उतरवून ठेवलेला बरा. एक तर पावसात रेंज जाते. आणि रेंज असलीच, तर डोळे मिटून श्वास संथ झाल्यावर नेमकी मसाल्याची जाहिरात लागते.