घड्याळाची वेटिंग लिस्ट: नाव लिहूनही नंबर का लागत नाही?

मागच्या दिवाळीला बोनस आला आणि डोक्यात एकच किडा शिरला: रोलेक्स. पाच वर्षं पगारातून बाजूला टाकलेले पैसे होतेच. शोरूममध्ये गेलो तर उत्तर मिळालं, "नाव लिहून घेतो, पण तारीख सांगता येणार नाही."

दोन दिवसांनी इन्स्टाग्रामवर एक जण भेटला. "५० हजार टोकन टाका, दोन महिन्यांत घड्याळ हातात." यूपीआय ॲप उघडून रक्कमही टाकली होती. पिन टाकायच्या आधी त्याला म्हटलं, आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी घड्याळाशेजारी ठेवून व्हिडिओ पाठव. त्याने थेट ब्लॉक केलं!

ही रांग नाहीच

आपल्याला वेटिंग म्हटलं की बजाज चेतक आठवते. १९७२ मध्ये आलेल्या या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. पण आधी आला त्याला आधी, हा हिशोब तरी सरळ होता. प्रोग्रामिंगमध्ये याला क्यू म्हणतात.

महागड्या घड्याळांची यादी म्हणजे प्रायॉरिटी क्यू. काही मॉडेल्सना बाहेर छापील किमतीपेक्षा जास्त भाव मिळतो. त्यामुळे घड्याळ नेऊन लगेच विकणारा गिऱ्हाईक दुकानदाराला नको असतो. जुना, ओळखीचा माणूस पुढे सरकतो आणि आपण तिथेच राहतो. शिवाय यादीत नाव म्हणजे बुकिंग नव्हे. पाटेक फिलिपने २०२१ मध्ये स्टीलचं नॉटिलस ५७११ बंद करत असल्याचं सांगितलं. मॉडेलच बंद झालं तर नावाचं काय करायचं?

मग मी काय केलं?

थांबायचंच आहे तर घड्याळ समजून तरी घेऊ, म्हणून ऑनलाइन एक जुनी एचएमटी जनता मागवली. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारने घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता जुन्यांना मागणी आहे. आणि मागणी आली की बनवाबनवी आलीच.

नवी पेठेतल्या घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि हसले. "कितीला घेतलास रे? मशीन जनताचंच आहे. डायल नवीन रंगवलंय, काटे दुसऱ्याच घड्याळाचे." संग्राहक अशा जोडकामाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. फोटोत चकाचक दिसलं म्हणून मी भाळलो होतो. पन्नास वर्षांचं डायल कोरं करकरीत कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

फोनने काय तपासता येतं?

जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. दोन ठोक्यांमध्ये ०.२ सेकंद. टाइमग्राफर प्रकारची ॲप्स फोनच्या माइकने हे ठोके ऐकतात आणि अंतर मोजतात. प्रत्येक ठोका फक्त ०.०००२ सेकंद लवकर पडला, तरी दिवसाला सुमारे ८६ सेकंद घड्याळ पुढे जातं. खोली शांत हवी आणि माइक घड्याळाला टेकलेला हवा.

पण लक्षात ठेवा, ॲप मशीनची तब्येत सांगतं, डायल खरं की रंगवलेलं ते नाही. त्यासाठी विकणाऱ्याकडून झाकण उघडलेला फोटो मागा आणि पैसे देण्याआधी काकांसारख्या जाणकाराला दाखवा. "आजच टोकन टाका" असं कुणी म्हणालं की फोन खाली ठेवा.

माझ्या जनताने पहिल्या दिवशी दीड मिनिट पुढे पळ काढला होता. काकांनी साफ करून तेल दिलं, आता फरक वीस सेकंदांवर आलाय. शोरूमच्या यादीत माझं नाव अजून आहे. फोन आला तर बघू. तोपर्यंत रोज सकाळी चहा उकळेपर्यंत जनताला चावी देतो.