गिरणीचा बॉयलर आणि करी रोडचा पूल

करी रोड या नावाचा स्वयंपाकघरातील कढीशी काडीमात्र संबंध नाही. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे एजंट करी यांच्यावरून ते पडले. आणि गंमत अशी की, स्टेशन मात्र जी. आय. पी.च्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे. या स्टेशनाच्या आसपास, लालबागपासून परळपर्यंत, एके काळी गिरण्यांच्या धुराड्यांचे रान उभे होते. धुराडे विटांचे असल्याने जागच्या जागी बांधता येई. माग आणि चात्यांची यंत्रे सुटी करून पेट्यांतून येत व येथे जोडली जात. परंतु या साऱ्यांना चालविणारी वाफ ज्यात तयार व्हावयाची तो बॉयलर अखंडच आणावा लागे. आणि तो विलायतेहून येई.

फेअरबर्न व हेदरिंग्टन यांनी १८४४ साली काढलेला ‘लँकेशायर’ जातीचा बॉयलर गिरणीवाल्यांच्या विशेष पसंतीचा होता. सुमारे तीस फूट लांब, आठ फूट व्यासाचे हे आडवे पिंप. त्याच्या पोटातून दोन नळ आरपार गेलेले, आणि त्या नळांच्या तोंडाशी भट्ट्या. वजन पंचवीस टनांच्या घरात. त्याचे तुकडे का करीत नसत, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे पत्रे तापवून लाल केलेल्या रिव्हेटांनी सांधलेले असत, प्रत्येक सांधा ठोकून घट्ट केलेला असे आणि सारे पिंप पाण्याच्या दाबाखाली पारखलेले असे. एक सांधा कच्चा राहिला तर भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेतावयाचे. हे काम परक्या किनाऱ्यावर उघड्या आभाळाखाली करण्यापेक्षा अवजड पिंपच समुद्रावर घालणे शहाणपणाचे होते.

जहाजावर भाडे द्यावयाचे ते नुसत्या वजनाचे नव्हे. चाळीस घनफूट जागा म्हणजे एक टन, असा नौवहनाचा जुना हिशेब; वजन आणि जागा यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारणी. तीस फूट लांब, आठ रुंद व आठ उंच अशी जागा एक हजार नऊशे वीस घनफूट होते. म्हणजे पंचवीस टनांच्या मालाला अठ्ठेचाळीस टनांचे भाडे! पोकळीचे भाडे देणे कोणाही व्यापाऱ्याला रुचणार नाही. म्हणून पोकळ मालाच्या पोटात किरकोळ सामान भरून पाठविणे हा त्यावरचा सर्वसाधारण तोडगा.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली व १८५६ साली ती चालू झाली. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला; तोवर असा अवजड माल आफ्रिकेला वळसा घालूनच येई. मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० साली उघडला. त्यापूर्वी मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरून उभी राहत आणि माल पडावांतून किनाऱ्याला लागे. धक्का नसलेल्या बंदरांत तर बॉयलरची सारी तोंडे बंद करून तो सरळ पाण्यात सोडीत व ओढीत नेत. लोखंड तरंगते कसे? पिंपाचे आकारमान सुमारे पंधराशे घनफूट. तेवढे समुद्राचे पाणी त्रेचाळीस टन भरते. बॉयलर पंचवीस टनांचा. बुडावयाचे कारणच नाही.

खरी कसोटी जमिनीवर. ओंडके, पहारी, कप्प्या, दोरखंड, बैल आणि माणसे यांच्या बळावर असे ओझे इंचाइंचाने सरके. दोर तुटला तर पंचवीस टन कोणाच्या अंगावर येणार हे सांगावयास नको. गिरणीमालकांची नावे रस्त्यांना व चौकांना लागली. ओझे ओढणाऱ्यांची कोणी टिपूनही ठेवली नाहीत.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्यांच्या आवारांतून आता कचेऱ्या व उपाहारगृहे आहेत; काही ठिकाणी तर बिअरही तयार होते. तिच्या पोलादी टाक्यांपुढेही जुनाच पेच असतो, फक्त मापे निराळी. साध्या कंटेनरचे दार सुमारे २.२८ मीटर उंच असते. टाकीचा व्यास त्याहून अधिक झाला की उघड्या छपराचा कंटेनर किंवा बिनभिंतीची चौकट घ्यावी लागते आणि भाडे चढते. शिवाय टाकी आडवी येते व उभी करावयाची असते. चार मीटर उंच, दोन मीटर व्यासाची टाकी उभी करताना तिचा कर्ण आड येतो. तो जवळजवळ साडेचार मीटर भरतो. सव्वाचार मीटरचे छत ‘पुरेसे’ समजणाऱ्याची टाकी अर्ध्यावरच तिरकी अडकून बसेल. आणि हीच टाकी पाण्याने भरली की नुसते पाणीच साडेबारा टनांचे. जमिनीची ताकद आधीच पाहिलेली बरी.

करी रोडच्या रेल्वेवरील पुलाची ताकद तर आता महापालिकाच सांगते. अलीकडच्या वर्षांत गणेशोत्सवाच्या मिरवणुकींसाठी निघणाऱ्या सूचनांत, या पुलावर एका वेळी सोळा टनांहून अधिक भार नसावा, असे मंडळांना बजावलेले असते. रिकामी टाकी त्यावरून खुशाल जाईल. लँकेशायर बॉयलर आज कोणी आणलाच, तर त्याला मात्र दुसरा रस्ता शोधावा लागेल.