बाटली हलवा, पण आधी चिठ्ठी वाचा

दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिलेली लाल मिक्श्चरची बाटली अनेकांना आठवत असेल. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. तयार सिरपे आली आणि ती बाटली दिसेनाशी झाली. तरीही मोठ्या रुग्णालयांच्या औषध विभागात एकेका रुग्णासाठी पातळ औषध आजही बनवावे लागते. कित्येक औषधे फक्त मोठ्यांच्या गोळ्यांतच मिळतात आणि तान्ह्या बाळाला किंवा नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला गोळी गिळता येत नाही.

स्पायरोनोलॅक्टोनचे उदाहरण घेऊ. हृदयाच्या दोषामुळे अंगात पाणी साठणाऱ्या बाळांना हे औषध देतात. समजा, गोळी २५ मि.ग्रॅ.ची आहे आणि डॉक्टरांनी लिहिले आहे ५ मि.ग्रॅ. गोळीचे पाच सारखे तुकडे कोणालाच जमणार नाहीत. म्हणून फार्मासिस्ट अशा २० गोळ्या खलात बारीक घोटतो, पाकासारखे द्रव थोडे थोडे घालून आधी लगदा करतो, मग तो पातळ करत नेतो. खल विसळलेले द्रवही मोजपात्रात ओतून एकूण १०० मि.ली. भरतो. आता १ मि.ली.मध्ये ५ मि.ग्रॅ. औषध आले. कण लगेच तळाशी बसू नयेत म्हणून द्रव मुद्दाम दाटसर ठेवतात. तरी ते बसतातच! बाटली न हलवता दिल्यास सुरुवातीचे डोस फिके जातात आणि तळाशी उरलेला नको तितका तीव्र होतो.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. हेच औषध दुसरीकडे १ मि.ली.ला २५ मि.ग्रॅ. असेही बनवतात. आई म्हणते, "एक मि.ली. द्यायचे," आणि बाळाला पाचपट औषध जाते.

इंग्लंडमध्ये १९९८ साली पोटदुखीसाठी पेपरमिंटचे पाणी बनवताना असाच घोटाळा झाला. त्यात घालायचे क्लोरोफॉर्मचे पाणी दुप्पट तीव्रतेचे हवे होते. वापरले गेले त्याच्या वीसपट तीव्र. तान्हे बाळ दगावले. हे रुग्णालयात नव्हे, औषधाच्या दुकानात घडले, पण औषध बनवण्याची रीत तीच.

म्हणून पालकांनी बाटलीवरची चिठ्ठी नीट पाहावी. औषधाचे नाव, १ मि.ली.मध्ये किती मि.ग्रॅ., बनवल्याची तारीख आणि कधी टाकून द्यायचे, एवढे त्यावर हवेच. नसेल तर खिडकीवरच विचारावे. त्यात संकोच कसला? असे औषध तयार सिरपासारखे महिनोन् महिने टिकत नाही. काही तर फ्रिजमध्ये ठेवूनही दोन आठवड्यांत टाकावे लागते. घरातला चमचा लहान-मोठा असतो, तेव्हा बिनसुईची सिरिंज मागून घ्यावी. घरी गोळी कुटून पाण्यात कालवणे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम अंगात भिनते.

मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून बाळाला घेऊन गावी परतलात, तर बाटली रिकामी झाली तरी फेकू नका. नवे औषध लिहून घेताना ती चिठ्ठीसकट गावच्या डॉक्टरांपुढे ठेवा.