भाड्याच्या जागेवरील खर्च

मोठ्या कंपनीचें नांव व पद्धत घेऊन, पण स्वतःच्या भांडवलावर शाखा चालविण्याचा, म्हणजे फ्रँचायझीचा, धंदा आतां लहान गांवांपर्यंत पोंचला आहे. कुरियरची कचेरी असो कीं संगणकाचा वर्ग असो, कंपनी एक छापील अंदाजपत्रक हातीं देते. त्यांत रंग, पाटी, काउंटर, दिवे यांचे आंकडे असतात. ते खोटे नसले तरी बहुधा अपुरे असतात. कारण कंपनी दुकानाची दर्शनी बाजू पाहते. भिंत, छप्पर आणि भाड्याचा करार आपल्या वाट्याला येतो.

धाराशिव जिल्ह्यांतील, लोहारा तालुक्यांतलें सास्तूर हें गांव घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें ज्या गांवांचा अतोनात नाश केला, त्यांपैकीं हें एक. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. तोंपर्यंत भूकंपाच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा गणला जाई. २००२ च्या सुधारित मानकांत तो तिसऱ्या विभागांत घालण्यांत आला. अशा ठिकाणीं कांच बसविण्यासाठीं भिंत फोडणें किंवा छपरावर पाण्याची टांकी चढविणें हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. म्हणून अंदाजपत्रकांतील पहिली रक्कम पाटीची नसावी. जाणत्या अभियंत्याकडून इमारत तपासून घेण्याची असावी.

त्यानंतर खर्चाचे तीन रकाने पाडावे. पहिल्यांत उचलून नेतां येणाऱ्या वस्तू: काउंटर, कपाटें, पंखे, संगणक. दुसऱ्यांत जागेंतच राहणारें काम: गिलावा, फरशी, रंग, भिंतींतील वायरिंग. तिसरा रकाना राखीव रकमेचा. कारण जुना गिलावा काढल्यावर आंत काय निघेल, हें गवंडीही आधीं सांगूं शकत नाहीं.

खरी परीक्षा दुसऱ्या रकान्याची. समजा, त्यांत १,८०,००० रुपये आहेत आणि करार तीन वर्षांचा आहे. तर दरमहा ५,००० रुपये हें न दिसणारें भाडेंच होय. मालकाला आपण ४,००० देत असलों, तर जागा वस्तुतः ९,००० ला पडते. तोच करार अकरा महिन्यांचा असेल, तर हा बोजा दरमहा सोळा हजारांवर जातो. धंदा चांगला असूनही पुष्कळांचें भांडवल येथेंच आटतें.

यास्तव भाडेपट्ट्याची मुदत कंपनीच्या करारापेक्षां कमी नसावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदवावा लागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें १०८ वें कलमही लक्षांत ठेवावें. उलट करार नसेल, तर भाडेकरूला आपण बसविलेल्या वस्तू काढून नेतां येतात. मात्र जागेचा ताबा असेपर्यंतच, आणि जागा पूर्ववत् करून देण्याच्या अटीवर. तेव्हां ‘पूर्ववत्’ करण्याचा खर्चही आजच मांडावा, आणि काम चालू असतांना भाडें माफ करण्याविषयीं मालकाशीं आधींच बोलावें.

कंपनीलाही एक प्रश्न लेखी विचारावा: मध्यंतरीं दुकानाचें रूप बदलण्याचा आग्रह तिनें धरला, तर तो खर्च कोणीं करावयाचा? उत्तर हातीं येईपर्यंत गवंड्याला बोलावूं नये.